मुरुमांसाठी फास्टिंग करायचंय? आधी चहाचा कप, मग घड्याळ

चेहऱ्यावर चार मुरुम आले की सल्ले फुकट मिळतात. पोट साफ ठेव, उष्ण खाऊ नकोस, शेंगदाणे बंद कर. आता त्यात नवी भर पडली आहे: सोळा तास उपाशी राहा, चेहरा काचेसारखा होईल. पहिल्या तिन्ही सल्ल्यांना फारसा आधार नाही. चौथ्यात थोडं तथ्य आहे, पण लोक समजतात ते नव्हे.

आपल्याकडे फास्टिंग हा विषय तसा नवा नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या ‘दोनदाच जेवा’ पद्धतीमुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक इन्सुलिनवर वाद घालू लागले. सूर्यास्तानंतर न जेवणारी जैन कुटुंबं तर आपल्या सोलापुरात पिढ्यान् पिढ्या आहेत. एकादशी, सोमवार, चतुर्थी आपण सगळेच धरतो आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हेही आपल्याच घरात घडतं. ही म्हण विसरू नका. उपाशी राहून मुरुम जात नाहीत. खाण्याच्या तासांत काय खाल्लं, यावर बराच खेळ आहे.

कातडीखाली काय चालतं

मुरुम येतो तेव्हा चार गोष्टी जमून आलेल्या असतात. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशींचा बुच्चा बसून छिद्र बंद होतं, आत क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस नावाचे जंतू वाढतात आणि मग सूज येते. आहाराचा संबंध मुख्यतः पहिल्या दोन गोष्टींशी. साखर, मैदा, साबुदाणा असं झटकन पचणारं पोटात गेलं की रक्तातली साखर उसळते, तिच्यामागे इन्सुलिन उसळतं, आणि इन्सुलिन वाढलं की आयजीएफ-१ नावाच्या संप्रेरकाचं काम वाढतं. हे दोघं मिळून तेलग्रंथींना चेव आणतात.

ऑस्ट्रेलियात २००७ मध्ये ४३ तरुण मुलांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. साखर हळू वाढवणारं आणि प्रथिनं जास्त असलेलं खाणं ज्या गटाला दिलं, त्याचे मुरुम दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. मात्र त्या मुलांचं वजनही उतरलं होतं. त्यामुळे गुण खाण्याचा की उतरलेल्या वजनाचा, हे वेगळं काढता येत नाही.

निव्वळ फास्टिंगमुळे मुरुम जातात, याचा भक्कम पुरावा मात्र नाही. ‘ऑटोफॅजी’चं, म्हणजे पेशीनं स्वतःचाच टाकाऊ भाग पचवण्याचं, नाव घेऊन बरंच काही विकलं जातं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल त्यासाठी मिळालं हे खरं, पण त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं आहे, कोणाच्या गालांवरचं नाही. मग फास्टिंग करायचंच कशाला? कारण ते कुंपणासारखं आहे. रात्री साडेदहाची आइस्क्रीमची वाटी, अकराचा चिवडा, सकाळी उठल्या उठल्या चहा-खारी हे सगळं त्याच्या पलीकडे राहतं.

यांनी या वाटेला जाऊ नये

अठरा वर्षांखालची मुलं-मुली, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वजन मुळातच कमी असलेले, आणि ज्यांचं जेवणाशी कधी ना कधी बिनसलेलं आहे (मुद्दाम उपाशी राहणं, खाऊन उलटी काढणं) त्यांनी तासांचा हिशोब करूच नये. त्यांना साखर आणि ताटातले बदल पुरेसे आहेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचं जेवणही टाळू नका. साखर एकदम खाली जाते आणि माणूस चक्कर येऊन पडतो.

पायरी पहिली: हे मुरुमच आहेत ना?

आठवडा-दोन आठवडे आहार सांभाळून काही होत नाही म्हणून लोक वैतागतात. कधी कधी दुखणंच दुसरं असतं. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच आकाराच्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर ती बुरशी असू शकते, घाम आल्यावर हमखास वाढते. फक्त केसांच्या रेषेजवळ असतील तर आधी डोक्याच्या तेलाकडे बघा. हनुवटी आणि जबड्यावर मोठे दुखरे फोड, सोबत पाळी अनियमित, हनुवटीवर जाड केस असं असेल तर पीसीओएसची (बायकांमधल्या संप्रेरकांच्या बिघाडाची) शंका घ्यावी लागते. तिथे स्त्रीरोगतज्ज्ञ गाठायला हवा.

सगळ्यात वाईट म्हणजे मेडिकलमधून विचारून आणलेली ‘गोरं होण्याची’ ट्यूब. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो, सोडली की लालबुंद होऊन फोडांनी भरतो. घरात अशी ट्यूब असेल तर आहाराचं नंतर बघू, आधी ती त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. खासगी परवडत नसेल तर सिव्हिलला त्वचारोगाची ओपीडी आहे.

आणि एक फोटो काढून ठेवा. त्याच खिडकीशी, सकाळच्या उजेडात, तोंड धुऊन, दोन्ही गाल आणि कपाळ. पुढे दर पंधरा दिवसांनी तसाच. आरशात रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही, आणि पाळीच्या आसपास चार फोड आले की सगळं वाया गेल्यासारखं वाटतं.

पायरी दुसरी: पंधरा दिवस फक्त साखर

घड्याळाला अजून हात लावायचा नाही.

समजा, सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानात काम करणारा एक पंचविशीतला मुलगा आहे. सकाळी उठून घरी एक कप चहा आणि दोन खारी. अकराला दुकानात अर्धा कप. गिऱ्हाइकाबरोबर आणखी अर्धा. दुपारी डबा, पण तीनला परत अर्धा कप आणि सोबत पार्लेचे चार. सहाला वडापाव, त्यावर चहा. रात्री दुकान बंद करून घरी पोचायला साडेनऊ, जेवण दहाला, मग मोबाइल बघत शेव-चिवडा. त्याला विचाराल तर म्हणेल, ‘मी गोड खातच नाही.’ खरंच आहे, त्यानं पेढा खाल्लेला नाही. पण पाच वेळच्या चहातले सात-आठ चमचे धरले, चमच्यात चार-पाच ग्रॅम, तर तीस-पस्तीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला साधारण ५० ग्रॅमच्या आत आणि जमलं तर २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते, आणि त्यात बिस्किटंही धरायची.

चहा एकदम तोडू नका. डोकं ठणकतं, चिडचिड होते आणि तिसऱ्या दिवशी सगळा बेत बारगळतो. घरच्या चहातली साखर दर तीन-चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करा. टपरीवर सगळ्यांना एकाच पातेल्यातला चहा मिळतो, तिथे कमी साखर मागून उपयोग नाही. म्हणून तिथले कप चारावरून दोनवर आणा आणि त्यातला एक जमला तर कोरा घ्या. गूळ घातला म्हणजे चाललं, असं समजू नका. त्वचेच्या दृष्टीनं गूळ साखरेचाच भाऊ.

खारी, टोस्ट, नानकटाई, पाव ही दुसरी फळी. कोल्ड्रिंक, पाकिटातले ज्यूस आणि उसाचा रस तिसरी. उन्हाळ्यात रसाचा ग्लास सोडवत नाही हे कबूल. आठवड्यातून एकदा, तोही जेवणाबरोबर घ्या.

पायरी तिसरी: रात्रीचं जेवण अलीकडे ओढा

तिसऱ्या आठवड्यापासून तास मोजायचे. आधी बारा: रात्री साडेआठला ताटावरून उठलात तर सकाळी साडेआठपर्यंत काही खायचं नाही. हे आठवडाभर सुखानं जमलं की तेरा, मग चौदा. चौदाला थांबा. १६:८ चा (सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणं) गवगवा फार असला तरी मुरुमांपुरतं बोलायचं तर पुढचे दोन तास काही विशेष हाती देतात असं मला वाटत नाही. उलट सोळा तास ताणलेला माणूस दुपारी एक वाजता जे समोर येईल त्यावर तुटून पडतो.

तास कोणत्या बाजूनं वाढवायचे? शक्यतो रात्रीच्या. सकाळी शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतं, रात्री कमी. त्यामुळे न्याहारी बुडवून रात्री दहाला पोटभर जेवण्यापेक्षा सकाळी नऊला खाऊन संध्याकाळी सातला ताट उरकणं कधीही सरस.

आता दुकानदार म्हणणार, सातला आमची गर्दी असते. मग जेवणाचा डबा दुकानात आणा आणि सहाच्या वडापावच्या जागी भाकरी-भाजी खा. घरी गेल्यावर फार तर वाटीभर वरण किंवा ताक, साडेनऊच्या आत. सरकारी किंवा शाळेतल्या नोकरीला हे सगळ्यात सोपं आहे, त्यांनी सबबी सांगू नयेत.

यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांचं गणित निराळं. झोपच उलटी असताना सूर्यास्ताच्या गप्पा मारून उपयोग नाही. पाळीवर जाण्याआधी पूर्ण जेवण, मध्ये एकदा डाळ-शेंगदाण्यासारखं काहीतरी, आणि सकाळी घरी आल्यावर हलकं खाऊन झोप. बारा तासांचं अंतर पडलं तरी खूप झालं. त्यांनी रात्री जागं राहण्यासाठीचा गोड चहा कमी करावा, खरा फायदा त्यात आहे.

उपाशी तासांत पाणी, बिनसाखरेचा कोरा चहा, जिऱ्याचं पाणी चालतं. लिंबूपाण्यात मीठ चालेल, साखर नाही. मध-लिंबू-कोमट पाणी हे साखरेचं पाणीच आहे. हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबा आणि खा.

पायरी चौथी: ताट

सोलापूरकराला इथे फार काही बाहेरून आणावं लागत नाही, परत घरातल्या ताटाकडे यायचं आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि मालदांडीची चव आपल्याला कोणी सांगायला नको. पण ज्वारी म्हणजे जादू नव्हे. नुसत्या भाकरीनंही साखर वाढते. फरक पडतो तो तिच्यातल्या चोथ्यानं आणि तिच्याबरोबर जे येतं त्यानं. पोळीबरोबर आपण बटाटा आणि गुळांबा घेतो, भाकरीबरोबर आमटी, पालेभाजी, मटकी, कांदा, ठेचा येतो.

कडक भाकरीचा तर या कामी दुहेरी उपयोग. पातळ थापून, भाजून, तव्यावर वाळवत कुरकुरीत केलेली ही भाकरी डब्यात बरेच दिवस टिकते. भूक लागली आणि समोर फक्त बेकरी असेल तेव्हा दुकानाच्या खणात असलेल्या दोन कडक भाकऱ्या अब्रू राखतात. आमटीत कुस्करून खा किंवा दह्याबरोबर. चावायला वेळ लागतो, त्यामुळे घाईनं जास्त खाल्लं जात नाही.

शेंगा चटणीवर आरोप आहे, तिचंही बघू. शेंगदाणे खरपूस भाजून, साल पाखडून, लसूण, तिखट, जिरं, मीठ घालून उखळात कुटायचे. तेल सुटून चटणी ओलसर होईपर्यंत. हे तेल बघून लोकांना वाटतं, हेच चेहऱ्यावर येतं. तसं होत नाही. चेहऱ्याचं तेल तिथल्या ग्रंथी बनवतात, ते ताटातून झिरपत नाही. शेंगदाण्याच्या वजनात पाव हिस्सा प्रथिनांचा असतो आणि साखर फारशी वाढत नाही. दोन चमचे चटणी बिनधास्त खा. वाटीभर खाल तर वजन वाढेल, आणि वजनाचा इन्सुलिनशी संबंध आहे, एवढंच. तिखटामुळे मुरुम येतात यालाही आधार नाही. तिखटानं चेहरा लाल होत असेल, भाजल्यासारखं वाटत असेल, तर ते रोझेशियाचं, म्हणजे चेहरा लाल करणाऱ्या वेगळ्याच त्वचाविकाराचं, लक्षण असू शकतं.

जेवणं कमी झाली की पहिली कात्री प्रथिनांना लागते. दोन-तीन महिने असं गेलं की चेहरा बाजूलाच राहतो आणि केस गळायला लागतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण पन्नास ग्रॅम लागतात. दोन मोठ्या भाकऱ्यांतून बारा, घट्ट वरणाच्या वाटीतून आठ, मटकीच्या उसळीतून आठ, दोन अंड्यांतून बारा, दोन मोठे चमचे शेंगा चटणीतून सात आणि वाटीभर दह्यातून पाच असं मोजलं की होतात. अंडी खात नसाल तर हुलग्याचे शेंगोळे, पिठलं, मुगाचे धिरडे यांची पाळी लावा. मटण चालतं. रविवारच्या रश्श्याला मुरुमांनी कधी हरकत घेतलेली नाही. त्यावरच्या भाताच्या डोंगराला आहे.

जवसाची चटणी आठवड्यातून चार-पाच वेळा असावी, ओमेगा-३ साठी. डाळिंब आपल्याच जिल्ह्याचं, दाणे खा, रस काढून नाही. आंबा उष्ण म्हणून नको असं नाही. एक आंबा जेवणाबरोबर कापून खाल्ला तर ठीक, साखर घातलेला आमरस चार वाट्या आणि वर पुरी हे ठीक नाही.

कुंपण उघडल्यावर पहिला घास कशाचा, हेही बघा. सकाळी नऊला उपाशी पोटी पोहे-साखरेचा चहा घेतलात तर केलेलं सगळं पाण्यात. आधी अंडं, मोड आलेले मूग किंवा धपाटे-दही.

उपवासाच्या दिवसांचं काय

आषाढीला पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे उपास टाळता येणार नाही आणि टाळायची गरजही नाही. अडचण साबुदाण्याची आहे. तो जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं नावापुरती. सकाळी खिचडी, दुपारी वेफर्स, संध्याकाळी साबुदाणा वडा आणि मधे राजगिऱ्याचे लाडू झाले, तर रोजच्या जेवणापेक्षा साखर जास्तच उसळते. त्याऐवजी भगर थोडी आणि शेंगदाण्याची आमटी जास्त, सोबत काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ. खिचडी खायचीच असेल तर एकदाच, साबुदाण्याइतकंच दाण्याचं कूट घालून.

रोज्यात पाणीही बंद असतं, ती गोष्ट वेगळी. तिथे इफ्तारला सरबत आणि तळण यांच्याऐवजी खजूर एक-दोन, पाणी भरपूर आणि मग जेवण, एवढं पाळलं तरी फरक पडतो.

पायरी पाचवी: दूध आणि जिमची पावडर

पाहणी-अभ्यासांत दूध जास्त पिणाऱ्यांत मुरुम थोडे जास्त दिसले आहेत, आणि गंमत म्हणजे साय काढलेल्या दुधाचा संबंध जास्त ठळक आहे. दही-ताकाबाबत तसं ठामपणे म्हणता येत नाही. सगळ्यांनी दूध तोडावं असं नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत काहीच हललं नसेल तरच सहा आठवडे दूध, मिल्कशेक, पनीर, आइस्क्रीम बंद करून बघा, दही-ताक राहू द्या. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, राजगिरा आहेच.

व्हे प्रोटीन मात्र मी आधी बंद करायला सांगेन. जिमला जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर, खांद्यावर अचानक फोड आले की डब्याकडे बोट दाखवावं. व्हे दुधातूनच निघतं आणि इन्सुलिन चांगलंच वाढवतं. अंडी आणि डाळ स्वस्त पडतात.

औषधं चालू असतील तर तास कसे बसवायचे

याबद्दल कोणी सांगत नाही. हट्टी मुरुमांसाठी दिली जाणारी आयसोट्रेटिनॉइनची गोळी उपाशी पोटी घेतली तर बरीच कमी शोषली जाते. ती स्निग्ध जेवणाबरोबर, म्हणजे मोठ्या ताटाच्या वेळीच घ्यायची. गरोदरपणात ही गोळी बाळाला घातक आहे, त्यामुळे डॉक्टरांशिवाय तिचं नावही नको. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी पाण्याच्या पूर्ण ग्लासबरोबर, खाल्ल्यावर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. नाहीतर अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध आणि लोहाच्या गोळीपासून ती दोन-तीन तास लांब ठेवा. ती चालू असताना ऊन लवकर भाजतं, म्हणून दुपारी बाहेर पडताना तोंडाला रुमाल आणि सनस्क्रीन. मधुमेह किंवा पीसीओएससाठी दिली जाणारी मेटफॉर्मिन रिकाम्या पोटी मळमळवते.

बाहेरून लावायच्या औषधांना तासांचं बंधन नाही आणि आहार सुरू केला म्हणून ती थांबवायचीही नाहीत. अॅडापॅलीन रात्री, वाटाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्यावर (गरोदर असाल तर नाही). बेन्झॉइल पेरॉक्साइडनं कापडाचा रंग उडतो, तेव्हा उशीवर पांढरा टॉवेल टाका. सोलापुरात टॉवेलांचा दुष्काळ नाही.

ऊन आणि पाणी

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या वर असतो. उन्हात काम करणाऱ्यांनी तेव्हा फास्टिंग सुरू करू नये. श्रावणात किंवा दिवाळी उरकल्यावर करा. जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी दोन महिने हाती मिळतात. पाणी जास्त प्यायल्यानं मुरुम धुऊन जात नाहीत, पण उपाशी माणसाला तहान आणि भूक यांत फरक कधी कधी कळत नाही, म्हणून बाटली जवळ हवी. नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून तोंड धुण्यात काटकसर नको, पण दिवसातून दोनदा पुरे. पाचदा साबण लावून कातडी कोरडी पडते आणि औषध झोंबतं.

बारा आठवड्यांनी

आज आत बसलेला बुच्चा वर यायला काही आठवडे जातात, म्हणून बारा आठवड्यांआधी निकाल लावू नका. फोटो शेजारी ठेवून फक्त नवे, लाल, दुखरे फोड मोजा. जुने काळे डाग मोजायचे नाहीत, ते महिनोन् महिने राहतात, आणि खड्डे कोणत्याही आहारानं भरत नाहीत.

फोड निम्म्यावर आले असतील तर एकेक गोष्ट परत आणून बघा. आधी दूध, तीन आठवडे. काही झालं नाही तर ते तुमचं आहे, प्या. मग रविवारची साबुदाण्याची खिचडी, मग कधीतरी खारी. ज्या गोष्टीनंतर दोन-तीन आठवड्यांत फोड परत आले, तेवढीच वगळा. काहीच फरक पडला नसेल, किंवा मधे गाठीसारखे खोल फोड येऊ लागले असतील, तर फोटो घेऊन सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खड्डे पडायच्या आत.